पोट शिवलेला पट्टा

मी पट्टा बोलतोय. पँटचा नव्हे! आधीच सांगून ठेवतो, कारण दुकानात येणारा दर दुसरा माणूस मला उचलतो आणि विचारतो, "हा कमरेला गुंडाळायचा का?" नाही हो, नाही! कमरेला आणि मांड्यांना जो जाड पट्टा बांधतात ना, त्याला पुढून मला जोडायचं असतं. मला दोन लांब हात आहेत, दोन्ही हातांना एकेक हूक आहे, आणि हात जिथे एकत्र येतात तिथे पोटासारखी एक छोटी पिशवी आहे. त्या पोटात काय आहे ते मात्र कुणी विचारत नाही. माझी सगळी कहाणी त्या पोटाचीच आहे, आणि सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या. चढण्यासारखंच घडलंय.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एक जाड, चिवट पट्टी घेतली, दुमडून दुमडून तिची घट्ट घडी केली आणि त्या घडीवर मशीनने ओळीने टिपा मारल्या. मग ती घडी पोटात ठेवून वर झाकण लावलं, उघडता येईल असं. जगातल्या सगळ्या शिवणी टिकाव्यात म्हणून घालतात. माझी उसवावी म्हणून घातली! माणूस वरून पडला की ती घडी एकेक टीप तोडत उलगडते, आणि प्रत्येक तुटणारी टीप त्याचा थोडा थोडा वेग खाते. झटका माझ्या पोटात जिरतो, त्याच्या मणक्यात नाही.

माल तपासणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी मला खेचून बघितलं, झाकण उघडून आत डोकावले आणि शेजारच्याला म्हणाले, "हा एकदाच कामाचा. एकदा उसवला की संपला." तेच माझ्या अंगावरच्या चिठ्ठीवर छापलंही आहे. पण चिठ्ठी वाचतो कोण? औषधाच्या बाटलीवरची वाचत नाहीत, तिथे माझी वाचणार!

तिथून मी आलो एका कड्याखालच्या दुकानात. पर्यटकांचं गाव. गावामागे सरळसोट कातळ, आणि त्या कातळावर बसवलेली लोखंडी वाट. पाटीवर तिचं 'व्हाया फेराटा' असं भारदस्त नाव आहे, पण काम साधं. खडकात लोखंडी पायऱ्या ठोकल्यात आणि त्यांच्या बाजूने खालपासून वरपर्यंत एक जाड तार गेली आहे. दर काही हातांवर एक खुंटी तार धरून ठेवते. माझे दोन्ही हूक त्या तारेत अडकवायचे आणि चढायचं. खुंटी आली की एक हूक काढून खुंटीच्या पलीकडे अडकवायचा, मग दुसरा. जे जन्मात कधी डोंगर चढले नाहीत, तेही सुट्टीत येऊन अर्ध्या दिवसात वर जाऊन येतात.

त्यांना नेणारा वाटाड्या म्हणजे आमचे मास्तर. ते कधी शाळेत शिकवत नव्हते, पण एकच धडा रोज घोकून घेतात म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. "एक सोडला, तर एक अडकलेला हवा. दोन्ही सोडले, तर देवाचं नाव घ्या. माझं घेऊ नका."

लोक हसतात, माना डोलावतात आणि तिसऱ्याच खुंटीवर दोन्ही हूक एकदम सोडतात. का? तर मागचा खोळंबलाय! अहो, खोळंबू दे की. माणसांची मला एक गंमत वाटते. "हे सुरक्षित आहे ना?" असं दहा जणांना दहादा विचारतील, पण समोर लटकलेल्या मला एकदा उलटून बघणार नाहीत. कुणीतरी 'हो' म्हणालं की यांचा जीव भांड्यात. भांड्याला तडा गेलाय का, ते कोण बघणार?

तरी मी चार हंगाम इमाने इतबारे काढले. हातांना ऊन लागलं, हूक घासून गुळगुळीत झाले. पोटाची घडी मात्र तशीच होती, पहिल्या दिवसासारखी.

मग आले गॉगलवाले साहेब. मास्तर धडा सांगत होते तेव्हा हे फोनवर कुणाला तरी सांगत होते, "काही नाही रे, लहान मुलांचा खेळ आहे." कड्याच्या मध्यावर खडक जरा पुढे आलाय. तिथे पायऱ्या दूरदूर आहेत आणि पाय न बघताच ठेवावा लागतो. नेमके तिथे साहेब मागे झुकले. एका हातात फोन, दुसरा हात वर, चेहऱ्यावर हसू. बोटं सुटली आणि पाय घसरला. तारेवरून माझे हूक सर्रकन खाली आले आणि खालच्या खुंटीवर आदळले.

टर्र, टर्र, टर्र. माझं पोट फाटत गेलं. झाकण उघडलं आणि ज्या घडीसाठी जन्माला आलो ती उलगडत बाहेर आली. साहेब लोंबकळत थांबले. गुडघा खरचटला आणि गॉगल दरीत गेला. बस्स. एवढ्यावर निभावलं!

खरं सांगतो, मला दुखलं नाही. मला अभिमान वाटला. मास्तर खाली उतरले, साहेबांना दुसऱ्या दोरीने बांधलं, पाणी पाजलं, सांभाळून खाली आणलं. आणि खाली पाय टेकताच साहेब काय म्हणाले असतील? "तुमचा पट्टा फाटका आहे! असला निकृष्ट माल लोकांच्या गळ्यात मारता?"

नाचता येईना, अंगण वाकडं! मास्तर शांतपणे म्हणाले, "साहेब, तो फाटला म्हणून तुम्ही बोलताय. तो फाटला नसता तर आम्ही बोललो असतो, तुमच्याबद्दल." पण साहेबांच्या डोक्यात शिरेल तर शपथ. जाताना त्यांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. गरज सरो, वैद्य मरो.

मास्तरांनी मला मागच्या खोलीत नेलं. तिथे एक खोकं आहे, त्यावर जाड अक्षरांत 'बाद' लिहिलंय. आत तडा गेलेली दोन हेल्मेटं आणि झिजलेला एक दोर पडलेला. मास्तरांनी मला त्यांच्यावर ठेवलं, थोपटल्यासारखं केलं आणि म्हणाले, "जा बाबा, तुझं काम झालं." मी सुखाने पडून राहिलो. माणसं निवृत्त झाली की कुरकुरतात म्हणे. मी नाही कुरकुरलो.

आता खरी चीड आणणारी गोष्ट सांगतो.

सुट्ट्यांचा हंगाम ऐन भरात होता. बारा जणांची तुकडी यायची होती आणि पट्टे होते अकरा. दुकानाचा मालक म्हणजे 'चालतंय की' या दोन शब्दांवर जगणारा माणूस. छप्पर गळतंय? चालतंय की. बाकाचा पाय डुगडुगतोय? चालतंय की. तो मागच्या खोलीत आला, खोक्यात हात घातला आणि मला बाहेर ओढलं. मी ओरडलो, "अहो, मी बाद आहे! वाचा की, तुम्हीच लिहिलंय!" पट्ट्याचं कोण ऐकतो?

त्याने माझी उलगडलेली पट्टी मुठीने पोटात कोंबली. उशीच्या अभ्र्यात जुने कपडे कोंबतात तशी. झाकण बसेना. मग त्याने पोती शिवायची सुई आणली, पांढरा दोरा ओवला आणि झाकण चारी बाजूंनी शिवून टाकलं. शेवटी गाठ मारून दोरा दाताने तोडला, मला साबणाने धुतलं आणि चांगल्या अकरांच्या रांगेत नेऊन टांगलं. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण या मुठीत कुणाचा तरी जीव जाणार होता, त्याचं काय? आता कुणी माझ्या भरवशावर पडलं असतं, तर वेग खायला पोटात एकही टीप उरली नव्हती. पट्टी नुसती सुळकन सुटली असती आणि शेवटी असा हिसका बसला असता की मणका जागेवर राहिला नसता.

मास्तर रोज सकाळी प्रत्येक पट्ट्याचं झाकण उघडून बघतात. त्या दिवशी बारा जणांची हेल्मेटं बसवण्यात ते अडकले होते आणि मालक मोठ्या मनाने म्हणाला, "पट्टे मी बघितलेत हो. सगळे ठीक." मास्तरांनी विश्वास ठेवला.

तुकडीत एक कुटुंब होतं. आई, मुलगा, सून. आईचं वय साठीच्या आसपास. तिचं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं टिपणं, असं चाळीस वर्षं. हे मला मुलाच्याच तोंडून कळलं, कारण तो मास्तरांना सांगत होता, "आईने सगळा जन्म मशीनवर बसून काढलाय, तिला हे झेपणार नाही. ती खाली बाकावर बसेल. आमच्या बॅगाही सांभाळेल."

सून म्हणाली, "अहो, मी तिघांची नावं दिलीत. आई वर येणार आहेत."

"अगं पण तिला विचारलंस का?"

"मी तरी विचारलं. तुम्ही विचारलंत का?"

 आई नुसती उठली आणि हेल्मेट घालून रांगेत उभी राहिली. घाबरलेली होती हो, हनुवटीखालचा पट्टा तिने दोनदा उलटा लावला. पण उभी राहिली.

आणि मालकाने तिच्या हातात कुणाला द्यावं? मला!

तिने मला घेतलं आणि जे चार हंगामांत एकाही गिऱ्हाइकाने केलं नव्हतं ते केलं. मला उलटं केलं. पर्समधून चष्मा काढून नाकावर लावला. अंगठ्याने माझं पोट दाबून बघितलं. मग शेजारी टांगलेल्या दुसऱ्या पट्ट्याचं पोट दाबून बघितलं.

"हा पट्टा बरोबर नाही," ती म्हणाली.

"काय झालं काकू?" मालक लगबगीने आला.

"याची कडेची शिवण मशीनची आहे, दुहेरी टीप. आणि हे झाकण हाताने शिवलंय. त्या पट्ट्याचं झाकण उघडतं, याचं का शिवून टाकलंय?"

"कंपनीची शिलाईच तशी असते हो."

"कंपनी दोरा दाताने तोडत नाही," आई म्हणाली. "हे टोक बघा. चावलेलं आहे."

रांगेतले दोघे-तिघे हसले. मला तर वाटलं, त्या बाईच्या पाया पडावं. पण मुलाचे कान लाल झाले. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "आई, लोक बघतायत. भीती वाटत असेल तर तसं सांग ना. कुणी काही म्हणणार नाही. पट्ट्यावर कशाला ढकलतेस?"

"लोकांनी बघावं म्हणूनच बोलतेय. हे पोट बघ, एकीकडे फुगलंय. घडी घातलेलं कापड असं फुगत नाही. कोंबलेलं फुगतं."

"आई, ही तुझी शिवणाची टोपली नाहीये. या लोकांना कळतं त्यांचं काम."

असा संताप आला मला! चाळीस वर्षं जिचे डोळे दोऱ्यावर गेले, तिला दोरा दिसतोय, आणि पोटचा मुलगा म्हणतोय तुला भीती दिसतेय! हीच शंका एखाद्या पिळदार दंडाच्या पुरुषाने काढली असती, तर सगळं दुकान माझ्याभोवती गोळा झालं असतं. म्हातारी बाई बोलली, की लगेच ती घाबरलीय.

मालकाला तेवढंच हवं होतं. "बरोबर बोलताय साहेब. पहिल्यांदा येणाऱ्यांचं असं होतंच."

मुलगा वैतागला. त्याने स्वतःचा पट्टा काढून आईला दिला आणि मला हिसकावून आपल्या कमरेला जोडलं. "घे, माझा चांगला पट्टा तू घाल. हा मी घालतो. झालं समाधान?"

तिथे आईचा चेहरा पालटला. मी तिच्या हातात होतो तोवर ती वाद घालत होती. मी मुलाच्या कमरेला लागलो, आणि तिचा वाद संपला. तिने पर्स उघडली आणि दोरे कापायची छोटी कात्री काढली. मालक "अहो, अहो!" करत धावला. मुलगा म्हणाला, "आई, काय करतेस? भरून द्यावं लागेल!"

"देईन," ती म्हणाली. एका हाताने तिने मुलाचा शर्ट धरला, तो लहान असताना बटण लावायला धरत असेल तसा, आणि दुसऱ्या हाताने माझ्या झाकणाचे टाके कटाकटा कापले. एकही टाका सुटला नाही.

झाकण उघडलं आणि मी बाहेर पडलो. सगळाच्या सगळा. मुलाच्या कमरेपासून पार जमिनीपर्यंत माझी आतडी लोंबायला लागली, आणि तुटलेल्या टिपांचे दोरे सगळ्यांसमोर पिंजारून उभे राहिले.

दुकानात कुणी हसलं नाही. मास्तर गर्दीतून पुढे आले, त्यांनी मला हातात धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हा मी बाद केला होता," ते म्हणाले. "माझ्या हाताने खोक्यात टाकला होता. तेव्हाच कापायला हवा होता. आणि आज सकाळी झाकणं उघडून बघितली नाहीत, ती चूकही माझीच." मग मालकाकडे वळून एवढंच म्हणाले, "तुमच्या मुलाच्या कमरेला बांधला असता का?"

मालकाने तोंड उघडलं. मला वाटलं, आता 'चालतंय की' म्हणतोय. पण तो वाकून जमिनीवरचे कापलेले दोरे गोळा करायला लागला.

मास्तरांनी उरलेल्या अकराही पट्ट्यांची झाकणं एकेक करून उघडली आणि प्रत्येकाला आत बघायला लावलं. सगळे चांगले निघाले. पण माणसं बारा आणि पट्टे अकरा. मालक तेवढ्यात पुन्हा पुढे सरसावला. "मग काकूंना राहू द्या खाली. तशाही त्या दमतील."

एवढं होऊनही! या माणसाला काय म्हणावं?

आई मुलाकडे बघून म्हणाली, "तू थांब खाली. बॅगा सांभाळ."

सून तोंड फिरवून हसली. मुलगा मुकाट्याने बाकावर जाऊन बसला. मला काढायचंही त्याला सुचलं नाही. दोन तास मी त्याच्या कमरेला तसाच लोंबत होतो आणि आम्ही दोघे वर बघत होतो.

आई हळू चढत होती. पण खुंटी आली की थांबायची. एक हूक काढायचा, पलीकडे अडकवायचा, ओढून बघायचं, मग दुसरा. एकदाही घाई नाही, एकदाही चूक नाही. मागच्यांना खोळंबायला लागलं. खोळंबले!

पुढे आलेल्या खडकाशी ती अडली. बराच वेळ अडली. एक पाय उचलायची, हवेत चाचपायची, परत मागे घ्यायची. मुलगा ताडकन उभा राहिला आणि ओरडला, "आई, नाही जमत तर परत ये!" तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. तिने पुन्हा पाय टाकला आणि तो घसरला. अगदी वीतभर. ती दोन्ही हातांनी तारेला बिलगली, आणि इकडे खाली मुलाने मला मुठीत आवळलं.

माझ्या तुटक्या टिपा त्याच्या तळहाताला टोचल्या असणार. त्याने मूठ उघडून बघितलं. मग वर बघितलं, त्या खडकाकडे, आणि परत माझ्याकडे. तिथे आज आपण असतो आणि कमरेला हा असता, हे तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात शिरलं. 

वर आईने श्वास घेतला असेल, पाय नीट टाकला असेल, कारण थोड्या वेळाने तिचं लाल हेल्मेट त्या खडकाच्या वर दिसलं. मग आणखी वर. मग कड्यावरून सुनेची आरोळी आली, "पोचलो!"

मागच्या पायवाटेने सगळे उतरून आले. आईचा चेहरा तांबडालाल, कोपर खरचटलेलं. मुलाने तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः तिच्यासमोर उकिडवा बसून राहिला. 

"आई, मला वाटलं तू घाबरलीस म्हणून काहीतरी कारण काढतेयस."

"घाबरले होतेच की," ती म्हणाली. "पण घाबरलं म्हणून डोळे फुटतात का रे?"

 तिने त्याच्या केसांतून एकदा हात फिरवला, आणि मग तिची नजर त्याच्या कमरेवर गेली. "अजून हा काढला नाहीस? दे इकडे."

मास्तर मोठी कात्री घेऊन आलेच होते. "मी कापतो," ते म्हणाले. पण तिने कात्री त्यांच्याकडून घेतली, धार बघून नाक मुरडलं आणि मला मांडीवर आडवं ठेवलं. मालक दारातून म्हणाला, "अहो, निदान हूक तरी ठेवा! ते चांगले आहेत अजून!" कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही.

कात्री बोथट होती, मी चिवट होतो. पण ती कापत राहिली. आधी हात, मग पोट, मग ती पट्टी, वीतभर वीतभराचे तुकडे करत. अगदी नीट, सरळ रेषेत. आता मी त्या दुकानाबाहेरच्या कचऱ्याच्या पिंपात आहे आणि मला कुणीही, कितीही मोठी सुई आणली तरी, पुन्हा शिवू शकत नाही.

शाळेच्या निबंधात माझ्यासारख्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला टाकू नका, विसरू नका, दुरुस्त करून पुन्हा वापरा. मी तसं म्हणणार नाही. सुट्टीत कधी अशा लोखंडी वाटेवर गेलात, तर हातात आलेला पट्टा उलटा करा आणि त्याचं पोट उघडून बघा. लोक हसले तर हसू देत. तुमच्यासोबतची म्हातारी म्हणाली की काहीतरी चुकतंय, तर तिला बाकावर बसवू नका, आधी तिच्या बोटाखाली बघा. आणि आत माझ्यासारखा कुणी काम करून संपलेला सापडला, तर त्याची कीव करू नका. धुऊ नका. पुन्हा खुंटीला टांगू नका. कापा त्याला!